हा, ही, हे: क्विझवेड्या घराचे कोकणातले सात दिवस

दिवस पहिला, पनवेल ते मुरुड

भाचीला टीव्हीवरच्या एका क्विझ शोच्या पुढच्या फेरीचं बोलावणं आलं आणि नेमकी त्याच्या आदल्या आठवड्यात आमची कोकण ट्रिप ठरलेली. ताईचं म्हणणं हिला घरी बसवू अभ्यासाला, माझं म्हणणं अजिबात नाही, हिला गाडीत घाला, घरी बसून ती मोबाईलवरच्या त्या अ‍ॅपमध्ये चार पर्यायांवर बोटं आपटत बसेल, आणि तोच तर प्रॉब्लेम आहे. पोरीचं पाठांतर जबरदस्त, नद्या, राजधान्या, नोबेलवाले सगळं तोंडावर, पण पर्याय काढून घेतले की गप्प. आणि दुसरी सवय म्हणजे प्रश्न अर्धा ऐकला की बझर. या शोमध्ये बझरचा राउंड आहे, चुकीला मार्क कापतात, तिथे ही सवय महागात जाते.

मी गेली बरीच वर्षं शाळांच्या क्विझसाठी प्रश्न काढते, एकदा एका मराठी शोमध्ये फास्टेस्ट फिंगरपर्यंत जाऊन आलेय, त्यामुळे घरात माझा शब्द चालला.

गाडीत पाच जण: भावोजी चालवायला, शेजारी ताई, मागे मी, भाची आणि बाबा. बाबा एसटीत कंडक्टर होते, आयुष्य गेलं मुंबई-मालवण रूटवर, आणि येताना त्यांनी खिशात जुना तिकिटाचा पंच घेतला होता. लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठी कापून मी पन्नासेक कार्डं केली होती. नियम असा की प्रत्येक ठिकाणी कोणीतरी एकाने त्या जागेवरून एक क्लू लिहायचा, बाबांनी वाचायचा, बरोबर उत्तर आलं की बाबा कार्डाला पंच मारणार, टिक.

क्लू हा शब्द मी मुद्दाम वापरतेय. अमेरिकेत जेपर्डी म्हणून शो आहे, १९६४ पासूनचा, त्यात प्रश्न विचारतच नाहीत. आधी उत्तराचं वर्णन येतं आणि स्पर्धकाने प्रश्न विचारायचा. याची गोष्ट मला फार आवडते, १९५० च्या दशकात तिकडे क्विझ शोमध्ये स्पर्धकांना आधीच उत्तरं पुरवल्याचं उघड झालं, लोकांचा विश्वासच उडाला, मग मर्व्ह ग्रिफिन नावाच्या निर्मात्याला विमानप्रवासात त्याची बायको म्हणाली, उत्तर आधी देऊनच टाका की, ५२८०. आणि तो म्हणाला, एका मैलात किती फूट? झाला शो तयार. प्रवासात जन्मलेला खेळ आहे, तर प्रवासातच खेळू.

पण मराठीत 'ते काय आहे' असं उत्तर जिभेवर बसत नाही. बाबांनी सोडवलं ते, म्हणाले, 'शेवटी नुसतं "का?" लावा.' म्हणजे 'जंजिरा का?' बस. झाला प्रश्न.

अलिबागला पोचेपर्यंत दहा वाजले. वेधशाळा बाहेरूनच बघितली आणि मी पहिलं कार्ड दिलं: मुंबईच्या ट्राम विजेवर धावणार असं ठरलं म्हणून ही १९०४ मध्ये अलिबागला आली. बाबा 'विजेवर' म्हणेपर्यंत भाचीने सीटवर थाप मारली. 'कुलाबा का?'

चूक. पण चूक कशी झाली ते बघण्यासारखं आहे. तिला कुलाबा वेधशाळा पाठ होती, मुंबईची. समोर समुद्रात किल्ला, त्याचंही नाव कुलाबा, आणि हा जिल्हाही १९८१ पर्यंत कुलाबाच, मग रायगड झाला. तीन कुलाबे एकत्र झाले डोक्यात. मी म्हटलं, अगं क्लूमध्ये 'ही' होतं. कुलाबा 'ही' कसा असेल? पुढे ऐकलं असतंस तर 'ही आली' कळलं असतं, म्हणजे मुंबईत असलेली पण ट्रामच्या विजेचा त्रास होणारी कोणीतरी 'ही'. विजेचा त्रास कोणाला? चुंबकसुई जिथे मोजतात तिथे. चुंबकीय वेधशाळा. पाठ नसलं तरी येतं.

जेपर्डीचे मुरलेले स्पर्धक हेच करतात, क्लूमधला 'हा माणूस', 'हे शहर' तेवढा शब्द आधी पकडतात. आणि मराठीत तर आपल्याला त्याहून जास्त मिळतं, कारण आपल्याकडे निर्जीव वस्तूलाही लिंग आहे. किल्ला हा, विहीर ही, बेट हे. क्लू लिहिणाऱ्याला मराठी लपू देत नाही. मला हे इतकी वर्षं प्रश्न काढून जाणवलंय आणि मुलांना कोणी शिकवत नाही.

तर आणखी एक गोष्ट, कुलाब्याला १८४० च्या दशकापासून नोंदी चालू होत्या, त्या तुटू नयेत म्हणून १९०४ ते १९०६ दोन्हीकडे एकदम नोंदी घेतल्या आणि मगच कुलाब्याच्या थांबवल्या. मला अशी माणसं आवडतात.

संध्याकाळी राजपुरीहून शिडाच्या होडीने जंजिरा. त्यावर भावोजींचा क्लू होता, नावातच 'बेट' असलेला किल्ला, भाचीने लगेच सांगितलं, जझिरा म्हणजे अरबीत बेट हे तिला माहीत होतंच. टिक. परत येताना पद्मदुर्ग लांबून दिसत होता, सूर्य त्याच्या मागे उतरत होता आणि होडीतलं कोणी बोलत नव्हतं.

दिवस दुसरा, दिघीची जंगलजेटी ते वेळास

सकाळी आगरदांड्याहून गाडीसकट जंगलजेटीत चढलो आणि दिघीला उतरलो. फेरीच्या डेकवर बाबांनी नवा नियम काढला, तोच पुढे सगळ्यात कामाचा ठरला. म्हणाले, 'मी "डबल बेल" म्हटल्याशिवाय कोणी थाप मारायची नाही. एसटीत पॅसेंजर चढल्याशिवाय मी दोरी ओढत होतो का?' ज्यांनी एसटीने प्रवास केलाय त्यांना सांगायला नको, एक घंटी म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. 'डबल बेल'च्या आधी थाप पडली तर दोन श्वास गप्प बसायचं.

बाबांना माहीत नव्हतं पण जेपर्डीत अगदी हेच आहे. होस्टचं वाचून झालं की बोर्डाच्या कडेचे दिवे लागतात, तेव्हाच बझर चालू होतो, त्याआधी दाबला तर पाव सेकंद बंद. पाव सेकंद म्हणजे काही नाही असं वाटतं, पण तिथे तिघांनाही उत्तर येत असतं, सगळी मारामारी त्या पाव सेकंदाचीच. केन जेनिंग्ज नावाचा माणूस २००४ मध्ये सलग ७४ गेम जिंकला, त्याला माहिती तर होतीच, पण हाताची वेळही अचूक होती.

पहिल्या दिवशीचे गुण बघून भाची जरा चिडलेलीच होती, या नियमाने अजून चिडली. दिवेआगर ते श्रीवर्धन तिला चार वेळा गप्प बसावं लागलं. श्रीवर्धनला पेशव्यांच्या वाड्याच्या जागी थोडा वेळ थांबलो, बाळाजी विश्वनाथ इथले, त्यावरचा क्लू ताईला येत होता पण ती बोललीच नाही, तिला हा खेळ मुलीच्या टेन्शनमध्ये भर वाटत होता. मला ते कळत होतं पण काय बोलू.

हरिहरेश्वरला दर्शन, प्रदक्षिणा, मग बागमांडल्याहून परत जेटी, सावित्री ओलांडली की रत्नागिरी जिल्हा. वेळासला एका घरी उतरलो, अंगणात बाजा टाकलेल्या, जेवायला कुळथाची पिठी, भात, उकडगरे. तिथे मी रात्री लिहिलेला क्लू: मराठेशाहीचा कारभारी आणि समुद्रातून येणारी पाहुणी, दोघांमुळे हे ओळखलं जातं.

भाचीने 'डबल बेल' ऐकली, थांबली, आणि पहिल्यांदाच मोठ्याने विचार केला. 'हे' आहे, म्हणजे गाव. कारभारी म्हणजे नाना फडणवीस. पाहुणी म्हणजे कासवी. 'वेळास का?' टिक.

उत्तर सोपं होतं, आम्ही त्याच अंगणात बसलो होतो. पण दोन वेगळ्या वाटा एकाच दारात येतात असा क्लू मला सगळ्यात आवडतो. एक वाट माहीत नसेल तर दुसरीने या. स्पर्धकाला आत घ्यायचं असतं, बाहेर ठेवायला कोणीही अवघड प्रश्न काढेल.

दिवस तिसरा, वेळास, मुरुड, गुहागर

पहाटे साडेपाचला उठून किनाऱ्यावर. वेळासला २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावाला बरोबर घेऊन हे काम उभं केलं. कुंपण घातलेल्या जागेत वाळूत खड्डे करून अंडी ठेवतात, वर वेताच्या टोपल्या पालथ्या. एका टोपलीखाली काही नव्हतं. दुसरीखाली नव्हतं. तिसरी उचलली तर वाळूच हलल्यासारखी वाटली, मग कळलं की ती पिल्लं आहेत, राखाडी, तळहाताच्या अर्ध्याएवढी, एकमेकांच्या पाठीवर चढून वर येतायत. एकाच्या नाकावर वाळूचा दाणा चिकटलेला, तो काढायला ते डोकं हलवत होतं. पाण्यापासून थोड्या अंतरावर सोडली, सगळी बरोबर समुद्राकडे. एक उलटं झालं, सगळा घोळका श्वास रोखून बघत राहिला, लाट आली, सरळ झालं, गेलं.

परतताना भाचीने विचारलं की क्लू मी काढू का. ट्रिपमधला तिचा पहिला: आई-बाबांवर नाही, या एका गोष्टीवर ठरतं की पिल्लू नर की मादी. मला येत होतं पण मी गप्प. भावोजींनी सांगितलं, तापमान का? टिक. वाळू साधारण २९-३० अंशांच्या वर गेली की माद्या जास्त, खाली राहिली की नर. ती म्हणाली तिने हे कुठेतरी वाचून सोडून दिलं होतं, आता जन्मात विसरणार नाही.

केळशी, आंजर्ले, कड्यावरचा गणपती, हर्णैला सुरमईचे भाव ऐकून ताई परत गाडीत. हे सगळं भराभर केलं कारण बाबांना मुरुडला वेळ हवा होता. हे दापोलीजवळचं मुरुड, महर्षी कर्व्यांचं गाव. समुद्राकडे जाणारा नारळी-पोफळीचा रस्ता, मंदिरासमोर गाडी लावली, आणि बाबांनी खिशातून स्वतः लिहिलेलं कार्ड काढलं, अक्षर तिकिटाच्या हिशोबासारखं बारीक. 'परीक्षेला शंभराहून जास्त मैल चालत गेला, वयाने लहान दिसतो म्हणून बसू दिलं नाही. पुढे १९१६ मध्ये यानेच बायकांसाठी विद्यापीठ काढलं.'

उत्तर सगळ्यांना माहीत होतं आणि कोणीच थाप मारली नाही. कुंभार्ली घाट चढून साताऱ्याला पायी, आणि तिथे कमिटीपुढे उभं राहिल्यावर सांगितलं की तू सतरा वर्षांचा दिसत नाहीस, जा. १९५८ मध्ये शंभराव्या वर्षी भारतरत्न.

भाचीला हे लागलं. मागच्या वर्षी एका शोच्या फोनवरच्या राउंडमध्ये तिसऱ्या प्रश्नाला नेटवर्क गेलं आणि त्यांनी परत फोनच केला नाही. कोणाचं नाव घेण्यात अर्थ नाही, पण पोरगी महिनाभर क्विझबद्दल बोलली नव्हती. बाबांना ते माहीत होतं. 'धोंडो केशव कर्वे का?' असं तिने हळूच म्हटलं, बाबांनी पंच मारला आणि कार्ड तिलाच देऊन टाकलं.

दाभोळहून धोपाव्याची जेटी शेवटच्या क्षणी मिळाली. गुहागरला रात्री.

दिवस चौथा, गुहागर ते रत्नागिरी

गाडीतच जास्त वेळ. हेदवीची बामणघळ भरतीला बघायची असते, आम्ही ओहोटीला पोचलो. तवसाळ-जयगड जेटी, मालगुंडला केशवसुतांचं घर, गणपतीपुळ्याला दर्शनाची रांग, दुपारनंतर रत्नागिरी.

थिबा राजवाड्यात मात्र जीव रमला. ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा, १८८५ मध्ये इंग्रजांनी मंडालेहून काढलं, पुढच्या वर्षी रत्नागिरीत आणून ठेवलं, राजवाडा १९१० मध्ये मिळाला आणि १९१६ मध्ये इथेच गेला. लालसर बांधकाम, वरच्या मजल्यावरून खाली खाडी दिसते. रोज संध्याकाळी त्याने काय बघितलं असेल ते तिथे उभं राहिलं की कळतं.

१९१६ ऐकून भाचीचे डोळे चमकले. काल कर्व्यांचं विद्यापीठ १९१६. मी म्हटलं, अजून एक शोध, याच गावात जन्मलेला माणूस. 'टिळक! होमरूल लीग, १९१६!' म्हणजे रत्नागिरीत जन्मलेला माणूस स्वराज्य मागतोय, त्याच वर्षी रत्नागिरीत कैदेतला राजा वारतोय, आणि मुरुडहून गेलेला माणूस विद्यापीठ काढतोय. जेपर्डीच्या बोर्डावर असे सहा विषय असतात, प्रत्येकाखाली पाच क्लू, किंमत खाली वाढत जाते. तिने रात्री लॉजवर बसून '१९१६' नावाचा अख्खा विषय बनवला, पाच कार्डं, त्यातलं लखनौ कराराचं थोडं अवघड होतं पण बाबांना आलं.

त्या रात्री बाबा २००० सालच्या आठवणींवर गेले. ३ जुलैला कौन बनेगा करोडपती सुरू झालं तेव्हा मालवणच्या डेपोत मुक्कामी असले की कँटीनमध्ये टीव्हीसमोर ड्रायव्हर-कंडक्टर सगळे, पुढच्या गाडीची वेळ विसरायची पाळी. मग त्याच वर्षी मुंबईचे हर्षवर्धन नवाथे पहिले करोडपती झाले आणि बाबांच्या गाडीत पोरं जनरल नॉलेजची पुस्तकं वाचत यायला लागली. मला स्वतःला २०१९ च्या बबिता ताडे जास्त आठवतात, अमरावती जिल्ह्यात शाळेत खिचडी शिजवणाऱ्या, एक कोटी जिंकल्या. त्यांचं ते शांत बसणं. प्रश्न पूर्ण वाचून होईपर्यंत चेहऱ्यावर घाई नाही. मी फास्टेस्ट फिंगरमध्ये होते तेव्हा माझे हात थरथरत होते, क्रम मला येत होता आणि बोट दुसऱ्या खुणेवर पडलं. ते बोट मी भाचीला दाखवलं. कोणाला दाखवायला मला एवढी वर्षं लागली.

दिवस पाचवा, कशेळी आणि विजयदुर्ग

सकाळी पावसमार्गे कशेळी. सड्यावर उन्हात उभं राहून आधी काहीच दिसत नाही, मग रेघ दिसते, मग ती रेघ पाठ होते, सोंड होते, आणि कळतं की आपण साधारण १८ मीटर लांब हत्तीच्या पायाशी उभे आहोत. आणि हत्तीच्या पोटात बाकीचे प्राणी, मासे कोरलेले. २०२२ मध्ये ही कोकणातली कातळशिल्पं युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. कार्ड काढायची पाळी भावोजींची होती, ते बराच वेळ पेन धरून बसले आणि कोरं कार्ड परत दिलं. ज्याने कोरलं त्याचं नावच कोणाकडे नाही, क्लू कशाचा लिहायचा. मी ते कोरंच ठेवलंय.

दुपारी विजयदुर्ग, आणि इथलंच मला जास्त लिहायचंय.

किल्ल्यात शिरायच्या आधीच भाचीचं कार्ड तयार होतं, तिने अ‍ॅपवरून पाठ केलेलं: १८ ऑगस्ट १८६८ च्या ग्रहणात नॉर्मन लॉकियर यांना विजयदुर्गावरून हा सापडला. उत्तर हेलियम. इथे दर वर्षी १८ ऑगस्टला हेलियम दिन होतो, किल्ल्यातले 'साहेबाचे कट्टे' दाखवतात, सगळ्यांना हे माहीत आहे. मीसुद्धा बारा-तेरा वर्षांपूर्वी एका शाळेच्या क्विझमध्ये यावरच प्रश्न काढला होता, १८६८ च्या ग्रहणात हेलियम कुठून सापडला, उत्तर विजयदुर्ग.

बाबांनी कार्ड वाचलं. 'डबल बेल' म्हणालेच नाहीत. तटावर हात टेकून उभे राहिले आणि म्हणाले, 'ऑगस्टमध्ये?'

आम्ही बघत राहिलो.

'अगो, श्रावणातल्या पावसात मी या रस्त्याने गाडी आणली आहे, समोरचा बैल दिसत नव्हता. इंग्लंडवरून दुर्बीण घेऊन येणारा माणूस सूर्य बघायला ऑगस्टमध्ये विजयदुर्गात येईल?'

इतका साधा प्रश्न, आणि मी तो कधी स्वतःला विचारला नव्हता. खरं तर मला नंतरच्या वर्षांत वाचून खरं काय ते कळलं होतं, पण सांगायला तोंड नव्हतं म्हणून मी गप्प होते. मग तिथेच तटाच्या सावलीत बसून सगळं सांगितलं. १८६८ चं ते खग्रास ग्रहण भारतावरून गेलं हे खरं. पण त्या दिवशी फ्रान्सचे खगोलशास्त्रज्ञ जान्सेन गुंटूरला होते, तिकडे आंध्रात, आणि सूर्याच्या कडेच्या ज्वालांचा वर्णपट त्यांनी तिथून बघितला. लॉकियर त्या वेळी भारतात नव्हतेच. त्यांनी इंग्लंडमधून, ग्रहण नसताना, २० ऑक्टोबर १८६८ ला तो वर्णपट घेतला, त्यात सोडियमच्या रेघांजवळ पण त्यांच्याशी न जुळणारी एक पिवळी रेघ होती. सूर्याला ग्रीक भाषेत हेलिऑस, त्यावरून हेलियम. आणि पृथ्वीवर तो वायू हाताला लागला १८९५ मध्ये, विल्यम रॅम्से यांना, एका खनिजातून.

मग विजयदुर्गाचं नाव आलं कुठून? तर लॉकियर इथे खरंच आले होते. २२ जानेवारी १८९८ चं खग्रास ग्रहण बघायला, मोठा चमू आणि उपकरणं घेऊन. जानेवारी. स्वच्छ आभाळ, थंड हवा, कोकणातला सगळ्यात चांगला महिना. दोन ग्रहणं, एक माणूस, एक किल्ला, आणि लोकांच्या तोंडी दोन्हीची एक गोष्ट झाली.

भाचीने मोबाईल काढून अ‍ॅपवरचा प्रश्न परत बघितला. मग मला विचारलं, 'मावशी, तुझ्या त्या क्विझमध्ये कोणी दुसरं उत्तर लिहिलं होतं का?'

हो. एका मुलाने गुंटूर लिहिलं होतं. आठवीतला मुलगा, मोठे कान, शर्टाचं वरचं बटण लावलेलं. मी चूक दिलं होतं. त्याने कागद हातात घेतल्यावर माझ्याकडे बघितलं पण काही बोलला नाही, परीक्षकाशी कोण वाद घालणार. एका गुणाने त्यांची टीम फायनलला गेली नाही. खरं कळल्यापासून मी एकही प्रश्न दोन ठिकाणी तपासल्याशिवाय देत नाही, पण त्याला जाऊन सांगितलं नाही ते नाहीच.

बाबा म्हणाले, 'शाळा ठाऊक आहे ना? पत्ता काढ.'

१९५० च्या दशकातल्या त्या अमेरिकन शोमधली फसवणूक लोकांना लक्षात राहते कारण तिथे पैसे होते. पण स्पर्धक समोर उभा असतो तो प्रश्न काढणाऱ्यावर विश्वास ठेवून, त्याच्याकडे दुसरं काहीच नसतं. चुकीचं उत्तर बरोबर धरलं तर फसवणूकच ती, मुद्दाम केली काय किंवा आळसाने.

भाचीने जुनं कार्ड फाडलं नाही, त्याच्यावर एक रेघ मारली आणि खाली नवीन लिहिलं. मी ते शब्दशः उतरवते: १८९८ च्या जानेवारीत लॉकियर विजयदुर्गाला आले, तोपर्यंत त्यांनी सूर्यात ओळखलेला हा पृथ्वीवर सापडून जवळजवळ ३ वर्षं झाली होती.

बाबांनी 'डबल बेल' म्हटलं. ताईने थाप मारली. आमच्या ताईने! 'हेलियम का?' टिक. पंचाचं भोक बरोबर खोडलेल्या ओळीवर पडलं.

मुक्काम देवगडला, पवनचक्क्यांचा आवाज रात्रभर.

दिवस सहावा, मालवण

जेटीवर होडीवाल्याने बाबांना ओळखलं. 'मास्तरांनू, खयसून इलास?' आणि मग दहा मिनिटं होडी हलली नाही. सिंधुदुर्गाचं बांधकाम २५ नोव्हेंबर १६६४ ला सुरू झालं, भाचीला तारीख पाठ होतीच, पण तिने त्यावर क्लू केला नाही, म्हणाली तारखेचा क्लू म्हणजे येतं किंवा नाही येत, मध्ये काही नाही. चुन्यातला महाराजांच्या हाताचा ठसा बघितला, शिवराजेश्वराचं दर्शन घेतलं, उन्हाने जीव नको झाला.

विहिरीपाशी ताईने माझ्याकडे कार्ड मागितलं. आख्ख्या ट्रिपमध्ये पहिल्यांदा. गुडघ्यावर ठेवून लिहिलं आणि बाबांना दिलं. 'चारी बाजूंनी खारं. आत दूध, दही, साखर. या कोणत्या?'

मला अंगावर काटा आला. एवढ्या वर्षांत मला असा क्लू सुचला नाही. एक जास्तीचा शब्द नाही, खारं-गोड समोरासमोर, आणि 'या' म्हटल्यामुळे अनेकवचन, स्त्रीलिंगी, म्हणजे विहिरी. दूधबाव, दहीबाव, साखरबाव. समुद्राच्या मधोमध गोड्या पाण्याच्या. माहीत नसलं तरी तिथे उभं राहून डोळे उघडे ठेवले तर येतं.

भाचीला 'डबल बेल'नंतर लगेच आलं, पण तिने थाप मारायच्या ऐवजी आईकडे बघितलं. ताई म्हणाली, 'अगं मार ना.' टिक. दोघी मग बराच वेळ विहिरीच्या काठावर बसून होत्या, आम्ही पुढे गेलो.

दुपारी बांगडा, तिसऱ्या, सोलकढी. झोप.

दिवस सातवा, कुडाळ ते पनवेल

ताई आणि भावोजी आम्हाला कुडाळ स्टेशनला सोडून कोल्हापूरला गेले, तिकडे भावोजींची आई असते. आम्ही तिघं कोकण रेल्वेने. भाचीला गाडीतच मेसेज आला, ऑडिशनची वेळ, येताना आधारकार्ड, गडद रंगाचे कपडे, चौकड्या नकोत.

बाबांकडे एक कार्ड उरलं होतं, ते त्यांनी कोणाला दाखवलं नव्हतं. जेपर्डीच्या शेवटी एकच क्लू असतो, आधी फक्त विषय सांगतात, त्यावर किती लावायचं ते आधीच लिहून द्यायचं, मग क्लू, मग ३० सेकंद. मी त्यांना हे सांगितल्यावर ते म्हणाले आपण ३० सेकंद नको, करबुड्याचा बोगदा घेऊ. साडेसहा किलोमीटरचा, चार-पाच मिनिटं मिळतात. विषय सांगितला: रूळ. भाचीने आंबापोळीची सगळी पाकिटं लावली, मी निम्मी.

पानवलचा उंच पूल गेला, रत्नागिरी गेलं, भोके स्टेशननंतर बाबांनी चष्मा लावला. बोगद्यात शिरताच त्यांनी वाचायला सुरुवात केली आणि आवाजाने सगळं खाल्लं. खिडक्या उघड्या, चाकांचा गडगडाट भिंतींवरून परत येतोय, डब्यातला एक दिवा मिणमिणता. मला ऐकू आलं ते एवढंच: दिल्लीची मेट्रो... त्याआधी... डोंगर पोखरून... उभा का उभी कळलं नाही.

दिल्ली मेट्रो म्हटल्यावर माझ्या डोक्यात श्रीधरन आलेच, कोकण रेल्वेही त्यांनीच बांधून घेतली. भाचीच्याही डोक्यात आले असणार, मला तिचा हात दिसत होता, सीटच्या रेक्झिनपासून दोन बोटं वर.

हात खाली आला नाही. ती बाबांच्या कानाशी वाकली आणि जवळजवळ ओरडली, 'आजोबा, "हा" म्हणालात की "ही"?'

बाबांनी कार्ड त्या मिणमिणत्या दिव्याखाली धरलं आणि पहिल्या शब्दापासून परत वाचायला लागले.